खिडकीकडचा गाल

कासारखेडमध्ये फोटो माणसासारखा येत नाही, माणूस फोटोसारखा होतो. फोटो तयार झाला की थोड्याच वेळात चेहरा त्याप्रमाणे बसतो आणि पुढचा फोटो निघेपर्यंत तसाच राहतो. हे पूर्वीपासून असंच आहे आणि गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाहेरगावची पाहुणेमंडळी पहिल्यांदा थोडी बिचकतात, मग तीही हातपाय धुऊन जेवायला बसतात.

अशा गावात फोटोग्राफर एकच असावा लागतो आणि त्याच्यावर नगरपंचायतीची नजर असावी लागते. कासारखेडला हे काम चौगुल्यांकडे आहे. आधी दामोदर चौगुले करायचे, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. आता त्यांची मुलगी रोहिणी करते. नियम फार नाहीत. सगळ्या गावाला एकच मांडणी, म्हणजे उजेड-सावलीचं एकच माप. एकाला उजळ आणि दुसऱ्याला काळपट, असला पंक्तिप्रपंच चालत नाही. नवीन काही आलं की त्याची चाचणी फोटोग्राफरनं आधी स्वतःच्या तोंडावर घ्यायची. आणि एकदा उतरलेला चेहरा परत चढत नाही. हा खरं तर नियमही नव्हे, ते तसं आहेच. अण्णांनी त्यांच्या उमेदीत फिल्म धुण्याचं एक नवं औषध स्वतःवर करून पाहिलं होतं आणि त्या वर्षीचा गणपती त्यांनी निळसर चेहऱ्यानं बसवला होता. कुणी हसलं नाही. चाचणी म्हणजे चाचणी.

गावाचा आधीचा डिजिटल कॅमेरा लहान होता. त्याच्या फोटोंच्या कडा मऊ यायच्या, त्यामुळे बहुतेकांचे कान जरा पुसट होते आणि त्यावर चष्मे टिकत नसत. हायस्कूलचे सगळे मास्तर चष्म्याला दोरी बांधून हिंडत. यंदा तो कॅमेरा बंदच पडला, तेव्हा नगराध्यक्ष भास्करराव इंगवले यांनी मनावर घेतलं आणि गावाला शोभेल असा मोठा, मीडियम फॉरमॅटचा कॅमेरा आणवला. त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. मग रोहिणीनं नगरपंचायतीच्या समितीला सांगितलं की खरं काम पुढेच आहे.

"जुना कॅमेरा फोटो आतल्या आत तयार करून द्यायचा," ती म्हणाली. "हा देत नाही. हा फक्त समोरचा उजेड जसाच्या तसा साठवून ठेवतो. त्याला रॉ फाइल म्हणतात. तिचा फोटो करायचा तो सॉफ्टवेअरनं. ते कुठलं घ्यायचं हे आपल्याला ठरवावं लागेल."

"म्हंजे एवढा कॅमेरा घिऊनबी तोंड आपल्यालाच ठरवायचं व्हय?" भास्कररावांनी विचारलं.

"हो."

समिती गंभीर झाली. एवढी जबाबदारी नगरपंचायतीवर यापूर्वी फक्त पाण्याच्या टाकीच्या वेळी आली होती. बरीच चर्चा झाली आणि शेवटी तीन सॉफ्टवेअरं चाचणीसाठी मंजूर झाली. त्यांची खरी नावं लांबलचक होती, म्हणून गावानं आपली नावं ठेवली. कॅमेऱ्याबरोबर आलेलं ते कंपनीचं. दर महिन्याला पैसे मागणारं ते वर्गणीचं. आणि पुण्याच्या कुठल्याशा मंडळींनी बनवलेलं ते पुण्याचं. चाचणी रीतीप्रमाणे रोहिणीनं स्वतःवर घ्यायची होती.

इथे अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णांचं विसरणं गेल्या काही वर्षांत फार वाढलं होतं. आधी नावं गेली, मग रस्ते गेले, मग माणसं. ज्या गावातल्या प्रत्येकाचं तोंड त्यांनी आपल्या हातानं धुऊन काढलं होतं, त्यातलं एकही त्यांना ओळखू येईना. राहिली फक्त रोहिणी. तिला पाहिलं की ते शांत असत, भाजी निवडत, वर्तमानपत्राची घडी घालत. ती दिसली नाही की चपला घालून तिला शोधायला निघत. एकदा ते साखर कारखान्याच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांच्या मधोमध उभे राहून तिला हाका मारताना सापडले होते. ट्रॅक्टरवाल्यानं वेळेवर ब्रेक लावला म्हणून. तेव्हापासून ती घराला लागून असलेल्या स्टुडिओच्या पलीकडे सहसा जात नसे, आणि कुठे जावंच लागलं तर शेजारच्या शकीलाभाभी आपलं शिवणयंत्र ओसरीवर आणून बसत.

तरीही चाचणीला ती निर्धास्त बसली. बापाला लेक ओळखू येणार नाही, असं तिच्या मनातही आलं नाही. स्टुडिओच्या उत्तरेच्या खिडकीशी तिनं स्टूल ठेवलं, कारण तिथेच बसायची तिला सवय होती. मागच्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो अण्णांनीच काढला होता, आणि त्या दिवशी वीज गेलेली असल्यामुळे सगळ्या गावात तिचा एकटीचाच खिडकीच्या उजेडात निघाला होता. या वेळी तिनं कॅमेरा तिकाटण्यावर लावला, स्वतःच बटण दाबलं आणि फाइल कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे सोपवली. सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं जे योग्य ते केलं.

चेहरा उत्तम आला. कान अगदी ठसठशीत आले. भुवयांचा केस न् केस मोजून घ्यावा, कांजिण्यांचे लहानपणीचे वण बोटानं दाखवावेत, असा आला. दोन्ही गालांवर सारखा उजेड होता. रोहिणी कानांवर हात फिरवत घरात गेली. अण्णा दिवाणावर पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"अण्णा, मी. रोहिणी."

"रोहिणी स्टुडिओत आहे," अण्णा अदबीनं म्हणाले. "येईलच. बसा ना."

ती बसली. अण्णांनी उठून तिला तांब्याभांडं आणून दिलं. ती पाणी प्यायली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

वर्गणीच्या सॉफ्टवेअरचा चेहरा जास्त माणसाळलेला होता. रंग गव्हाळ, डोळ्यांत थोडी चमक. इंटरनेटची रेंज गेली की तो राखाडी व्हायचा आणि आली की पुन्हा भरायचा, एवढंच. शकीलाभाभींनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि चांगला आहे म्हणाल्या. अण्णांनी तो पाहिला आणि पुन्हा बसा म्हणाले. मग दाराकडे बघत राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

"कुठे निघालात?" रोहिणीनं विचारलं.

"मुलगी अजून आली नाही. बघून येतो. तुम्ही बसा."

ते बाहेर पडले. तीही त्यांच्या मागोमाग निघाली. भर बाजारात अण्णा प्रत्येकाला थांबवून विचारत होते, आमची रोहिणी दिसली का. लोक त्यांच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या रोहिणीकडे पाहत आणि पुढे सरकत. एकानं धीर करून सांगितलंही, "अण्णा, ही काय मागंच हाय की." अण्णांनी वळून पाहिलं. त्यांनी तिला नमस्कार केला.

"तुम्ही पाहिलीत का हो आमची रोहिणी?"

"घरी गेलीय ती," रोहिणी म्हणाली. "चला, मी सोडते तुम्हाला."

असं सांगून तिनं त्यांना परत आणलं. घरी रोहिणी नव्हतीच, त्यामुळे हा प्रकार त्या दिवशी पुन्हा पुन्हा करावा लागला. संध्याकाळी ती मोरीत बसून रडली. रेंज गेलेली असल्यामुळे ते रडणंही राखाडी झालं.

पुण्याच्या सॉफ्टवेअरची चाचणीची आवृत्ती होती, म्हणून कपाळापासून हनुवटीपर्यंत बनवणाऱ्यांचं नाव तिरप्या, फिकट अक्षरांत उमटलं. त्या अक्षरांखालचा चेहरा मात्र नव्या स्टीलच्या ताटासारखा झाला होता. भास्करराव ते पाहायला मुद्दाम स्टुडिओत आले. बराच वेळ निरखत राहिले.

"ह्याच्यात डाग राहत न्हाईत म्हनं?"

"डाग, तीळ, सुरकुत्या, काहीच राहत नाही. सावलीलासुद्धा ते डागच समजतं."

"मग हेच बरं की," भास्करराव म्हणाले, आणि त्यांचा हात नकळत उजव्या गालावर गेला. तरुणपणी गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस तिथे उडाला होता. ते त्याबद्दल कधी बोलत नसत आणि गावही बोलत नसे. त्यांच्या गेल्या सगळ्या फोटोंत तो गाल इमानेइतबारे आला होता.

अण्णांनी या वेळी तिला घरातच घेतलं नाही. दाराच्या फटीतून तिच्या तोंडावरचं नाव सावकाश वाचलं, "आम्हाला तुमच्याकडचं काही घ्यायचं नाही," असं सांगितलं आणि कडी घातली. शकीलाभाभींनी मागच्या दारानं जाऊन ती काढली.

आता रोहिणीकडे दाखवायला चेहराच उरला नव्हता. जुना उतरला होता, तो परत येणार नव्हता. समितीची बैठक तोंडावर आली होती आणि तिन्हींतलं कुठलंही मंजूर झालं तरी अण्णांच्या घरात रोहिणी कायमची बाहेर गेलेलीच राहणार होती. ते तिला शोधायला रोज निघणार होते, आणि एखाद्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याचा ब्रेक लागणार नव्हता. तिला मनापासून भीती वाटली.

त्या दुपारी ती स्टुडिओत बसून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपलीच फाइल पुन्हा उघडत होती. सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं केलेलं सगळं तिनं काढून टाकलं. पडद्यावर नुसता कच्चा फोटो राहिला, मळकट, हिरवट, खिडकीकडचा गाल तेवढा उजळ, कुणी काहीच न ठरवलेला. तेवढ्यात अण्णा मुलीला शोधत घरातून स्टुडिओत आले आणि पडद्यासमोर थबकले.

"ही आमचीच," ते म्हणाले. "हिला अशी अर्धवट का ठेवलीय?"

रोहिणी त्यांच्याकडे वळली. "अजून धुवायचीय," ती म्हणाली.

"मग कुणी धुवायची?"

"तुम्हीच धुवा. तुमचाच हात हवा."

तिनं खुर्ची सोडली. अण्णा बसले. तिनं त्यांचा हात माउसवर ठेवला आणि सावली गडद-फिकी करणाऱ्या स्लायडरवर नेऊन सोडला. संगणक त्यांना ठाऊक नव्हता, पण ट्रे ठाऊक होता. औषधाचा ट्रे हलवावा तसा त्यांनी तो माउस हलवायला घेतला, इकडून तिकडे, लाटही उठणार नाही इतक्या हळू. ओठांतल्या ओठांत ते काहीतरी मोजत होते. पडद्यावर तिच्या उजव्या बाजूची सावली वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि मग खाली जात राहिली. उजवा कान गेला. उजवा गाल गेला. उजवा डोळा पाण्याच्या तळाशी असावा तेवढाच राहिला. डाव्या गालावर खिडकीचा उजेड आला आणि थांबला.

"बास," अण्णा म्हणाले. "आता जास्त नको. काळी पडेल."

रोहिणीनं त्यांच्या खांद्यावरून हात घालून फाइल जतन केली. ती तशीच मागे उभी राहिली. हळूहळू तिला उजव्या गालावर गारवा जाणवला, झाडाखाली गेल्यावर जाणवतो तसा. मग अण्णांनी मान वळवली.

"आलीस?" ते म्हणाले. "किती वाट बघायची माणसानं."

तिनं त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी गाव, समिती, कॅमेरा, कशाकशाचं काही पडलेलं नव्हतं.

पण समितीला पडलेलं होतं. बैठकीत रोहिणी उभी राहिली तेव्हा ट्यूबलाइट दोन्हीकडून सारख्या जळत होत्या आणि तरीही तिचा अर्धा चेहरा अंधारात होता. सदस्य पुढे झुकून बघू लागले.

"अर्धंच दिसतंय," भास्करराव म्हणाले.

"हो."

"मग बाकीचं अर्धं कुठं गेलं?"

"गेलं नाही. सावलीत आहे. हे कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, पण मांडणी हातानं केलेली आहे. बाकीच्या दोन्हींत सावली एवढी खाली जात नाही."

"आन् सगळ्या गावानं असं अर्धं हिंडायचं?"

नियम सगळ्यांना माहीत होता. एका गावाला एकच मांडणी. ही नामंजूर झाली तर रोहिणीलाही ठेवता येणार नव्हती. तिनं पाणी मागितलं, ते आलं, पण ती प्यायली नाही.

"मी सॉफ्टवेअरच्या गुणांबद्दल बोलायला हवं, ते मला कळतं," ती म्हणाली. "पण माझ्याकडे दुसरंच सांगायला आहे. हा चेहरा उतरला तर अण्णा मला शोधायला जातील आणि मी त्यांना सापडणार नाही. मी समोर उभी असले तरी सापडणार नाही. तुम्ही सगळ्यांनी बाजारात पाहिलंय ते. मला दुसरं काही मागायचं नाही."

एका सदस्यानं पुसट कानावरचा चष्मा सावरला. भास्करराव टेबलाकडे बघत होते. मग त्यांनी नगराध्यक्षाला शोभणाऱ्या आवाजात, पण तिच्याकडे न बघता विचारलं, "ह्याच्यात उजवी बाजू पार जाती का?"

"जवळजवळ पार."

"सगळ्यांचीच?"

"सगळ्यांचीच. सगळ्यांना त्याच खिडकीशी बसवावं लागेल."

"पुण्याचं ते डाग काढून टाकतं. ह्ये काढत न्हाई?"

"नाही. हे नुसतं झाकून ठेवतं. ज्याचं त्याच्याजवळ राहतं."

भास्कररावांनी बराच विचार केला. मग त्यांनी स्वतःच ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला.

पुढचे कितीतरी दिवस गाव रांगेनं खिडकीशी बसून गेलं. रोहिणीनं प्रत्येकाची फाइल अण्णांच्या मांडणीतून काढली. हळूहळू कासारखेड डावीकडून उजळलं आणि उजवीकडून मावळलं. भर उन्हात, वडाखाली, दिव्याखाली, सगळीकडे प्रत्येकाच्या डाव्या गालावर तोच खिडकीचा उजेड असायचा. न्हावी उजवी दाढी चाचपून करू लागले. बायका कुंकू लावताना आरशात थोडं डावीकडे वळू लागल्या. मास्तरांच्या चष्म्याला आता निदान एक कान मिळाला. भास्करराव लोकांशी बोलताना मान वळवेनासे झाले आणि ते पूर्वीपेक्षा हसतात, असं लोकांच्या लक्षात आलं.

पहिल्यांदा ते शकीलाभाभींच्या बाबतीत घडलं. त्या आपलं यंत्र ओसरीवर ठेवत होत्या, तेव्हा अण्णा आतून म्हणाले, "आलीस का गं रोहिणी?" शकीलाभाभींनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला.

"आले, अण्णा," त्या म्हणाल्या.

मग दूधवाला रोहिणी झाला. मग पोस्टातले कुलकर्णी. बाजारात अण्णा जाईल त्याला थांबवून, उन्हात का फिरतेस, म्हणून विचारू लागले. त्यांनी हातानं धुतलेला तो उजेड आता ज्याच्या त्याच्या गालावर होता, आणि जिथे तो उजेड तिथे त्यांची लेक. लोकांनीही फारशी खळखळ केली नाही. दोनदा समजावून पाहिलं, मग जशी हाक तशी ओ द्यायला शिकले. मिशीवाले गडीसुद्धा भाजीच्या पिशव्या खाली ठेवून म्हणत, "ही काय निघाले, अण्णा."

रोहिणीला राग आला. हे तिनं शकीलाभाभींजवळ बोलूनही दाखवलं. तो चेहरा तिनं भीक मागितल्यासारखा मागून घेतला होता, स्वतःपुरता, आणि आता तो गावभर वाटला गेला होता. पेढे वाटताना तिनं मोजून वाटले होते, इथे कुणी मोजलं नाही. कधीकधी ती घरात येई तेव्हा अण्णा तिच्याकडे बघून हसत आणि पुन्हा पेपर वाचू लागत, कारण आज त्यांना बऱ्याच रोहिणी भेटून गेलेल्या असत.

"मग काढून टाकायची का मांडणी?" शकीलाभाभींनी दोऱ्याला गाठ मारत विचारलं. "जायचं समितीकडं?"

रोहिणी ओसरीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचू लागली.

मग एका संध्याकाळी ती स्टुडिओ आवरून घरात आली तर दिवाण रिकामा होता. शकीलाभाभी माहेरी गेल्या होत्या. चपला जागेवर नव्हत्या. रोहिणी तशीच अनवाणी रस्त्यावर आली आणि कारखान्याच्या दिशेनं धावली. वळणावर पोहोचते तो तिला समोरून भास्करराव येताना दिसले. त्यांच्या एका हातात दुधाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात अण्णांचा हात. दोघंही सावकाश चालत होते.

"कारखान्याच्या रस्त्याला गेलं होतं," भास्करराव म्हणाले. "मी आपला गाडीतनं चाललो होतो. काच खाली केली तर म्हनले, रोहिणी, एवढ्या लांब काय करतीस, चल घरी. गाडीत काय बसंनात. मग आलो चालत." ते जरा थांबले. "वाटंत दूध घेतलं. म्हनले, रोहिणीला चहा करून द्यायचाय."

त्यांच्यामागून नगरपंचायतीची गाडी पावलाच्या गतीनं येत होती. तिचा ड्रायव्हरही डावीकडून उजळलेला होता.

रोहिणीनं अण्णांचा दुसरा हात धरला. तो कोरडा आणि उबदार होता. रस्त्याच्या दोन्ही कडेला लोक दुकानं आवरत होते, आणि अण्णा जाता जाता प्रत्येकाला नावानं हाक मारत होते, एकाच नावानं, आणि प्रत्येक जण ओ देत होता. तिचा राग कधी गेला ते तिच्या ध्यानात आलं नाही. या गावात आता अण्णांना हरवायला जागाच राहिली नव्हती.

घरी आल्यावर अण्णांनी चपला नीट जोडीनं ठेवल्या. मग वळून दारात उभ्या असलेल्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोन डावे गाल, दोन्हींवर तोच उजेड. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"दोघी बसा," ते म्हणाले. "आधण ठेवतो."

रोहिणी दिवाणावर सरकली आणि तिनं जागा केली. भास्कररावांनी पायताण दाराशी काढलं, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि ते तिच्या शेजारी बसले.

"मला साखर कमी, अण्णा," ते म्हणाले.